पाचव्यानंतर थेट आठवे

एम.एस्सी.च्या प्रात्यक्षिकात त्या दिवशी संधिपाद प्राण्यांची बाह्यरचना होती आणि टेबलांवर अल्कोहोलमध्ये जतन केलेल्या गोमी मांडलेल्या होत्या. पायांच्या 21 जोड्या मोजून आकृती काढायची, एवढेच काम होते. एका विद्यार्थिनीने मात्र पाय मोजून झाल्यावर आपली स्कोलोपेंड्रा ही गोम कुशीवर वळवली, पायांच्या मुळांच्या वर असलेली त्रिकोणी श्वासरंध्रे सुईच्या टोकाने मोजत नेली आणि मला बोलावले. “सर, तिसऱ्या खंडावर रंध्र आहे, पाचव्यावर आहे, मग सातवा सोडून एकदम आठव्यावर कसे?”

मी सूक्ष्मदर्शकातून पाहिले. आठव्यापासून विसाव्यापर्यंत एकाआड एक खंडावर रंध्र होते. म्हणजे विषम खंडांवर सुरू झालेला क्रम सातव्या-आठव्याच्या सांध्यावर सम खंडांवर सरकला होता. शेजारच्या टेबलावरच्या ऱ्हिसिडा या दुसऱ्या गोमीला सातव्यावरही रंध्र होते आणि आठव्यावरही. लिथोबियस या 15 जोड्यांच्या गोमीत पाठीवरचे लांब आणि आखूड पट्ट आलटून पालटून येतात, पण सातवा आणि आठवा हे दोन्ही लांबच असतात. इतक्या दूरच्या कुळांमध्ये नेमक्या त्याच सांध्यावर फरक पडावा, हे मला आजही विलक्षण वाटते.

खंड मुळात कसे घडतात हे पाहायला, आकृत्या बाजूला ठेवून आम्ही भ्रूणाकडे वळलो. ब्रिटनच्या समुद्रकिनाऱ्यांवर गोट्यांखाली राहणाऱ्या स्ट्रिगॅमिया मॅरिटिमा या आंधळ्या गोमीच्या भ्रूणांवर चिपमन, आर्थर आणि एकॅम यांनी केलेले काम 2004 मध्ये प्रसिद्ध झाले. शेपटीकडच्या वाढत्या भागात एका जनुकाच्या सक्रियतेचे पट्टे आधी दोन खंडांच्या अंतराने उमटतात आणि मग प्रत्येक दोहोंच्या मध्ये नवा पट्टा भरला जातो, असे त्यांना दिसले. खंड असे जोडीने घडत असतील, तर प्रौढ गोमीच्या पायांच्या जोड्या 15 पासून 191 पर्यंत कितीही असल्या तरी जवळजवळ नेहमी विषमच का असतात, याचा धागा हाती लागतो. कारण डोक्यामागच्या विषनखांचा खंडही मुळात धडाचाच असून तो धरला की बेरीज सम होते. अगदी शेवटचे खंड मात्र एकेक करून तयार होतात, असे 2013 मधील अभ्यासात आढळले. त्यामुळे हे स्पष्टीकरण पूर्ण आहे असे मी वर्गात सांगत नाही.

“मग उत्क्रांतीत जोड्या दोनदोननेच वाढल्या का?” तिने विचारले. या प्रश्नाला ब्राझीलचे उदाहरण आहे. तिथल्या स्कोलोपेंड्रॉप्सिस बाहिएन्सिसला 21 किंवा 23 जोड्या असतात, तर 2008 मध्ये वर्णन झालेल्या तिच्या निकटच्या ड्युप्लिकाटा या जातीला 39 किंवा 43. मधल्या संख्यांची गोम त्यांच्या गटात सापडलेली नाही. थोडीथोडी भर पडत गेली असती, तर अशी उडी दिसली नसती. भ्रूणातील एखादी पायरी दुप्पट झाली असावी, हेच मला जास्त संभवनीय वाटते.

प्रात्यक्षिकाची वेळ संपली तरी कोणी उठले नाही. मातीत राहणाऱ्या, दोऱ्यासारख्या बारीक गोमीचा नमुना कपाटातून काढून त्यांनी तिचीही रंध्रे तपासली. पायांचा पहिला आणि शेवटचा खंड सोडून ती प्रत्येक खंडावर होती.