गेममध्ये मेल्यावर पुढे काय होते?

जपानी आणि पाश्चात्त्य व्हिडिओ गेममधल्या फरकाविषयी बोलणे निघाले की गाडी बहुधा चित्रशैलीवर येऊन थांबते. एकीकडे मोठाले डोळे आणि टोकदार केस, दुसरीकडे दाढीवाले, चिखलाने माखलेले योद्धे. हा फरक खरा असला तरी वरवरचा आहे, असे माझे मत झाले आहे. निदान आरपीजी, म्हणजे पात्राची भूमिका घेऊन त्याला हळूहळू बळकट करत खेळायच्या गेमच्या प्रकारात, दोन्हीकडचे रचनाकार कसा विचार करतात हे पाहायचे असेल, तर आपले पात्र मेल्यावर गेम काय करतो, तेवढेच नीट पाहावे.

माझ्यासारखे ज्यांचे बालपण टीव्हीला जोडायच्या नकली फॅमिकॉमवर (निन्टेंडो या जपानी कंपनीच्या गेमयंत्राच्या नकलेवर) गेले, त्यांना मरण म्हणजे 'लाइफ जाणे' एवढेच ठाऊक होते. मारिओच्या तीन लाइफ संपल्या की पुन्हा पहिल्यापासून सुरुवात, किंवा शेजारी टपून बसलेल्या भावाच्या हाती रिमोट. त्यात घालायच्या ज्या कार्ट्रिजना आम्ही 'कॅसेट' म्हणत असू, त्यांत आरपीजी कधी सापडले नाहीत. ते मला पुष्कळ नंतर, संगणकावर भेटले, आणि त्यांचा इतिहास वाचताना लक्षात आले की या दोन्ही परंपरा एकाच घरातून निघालेल्या आहेत.

ते घर अमेरिकेतले. १९७४ साली तिथे 'डन्जन्स अँड ड्रॅगन्स' हा टेबलाभोवती बसून, कागद-पेन्सिल आणि फाशांनी खेळायचा खेळ आला. खेळाडू जे काही करू म्हणतील त्यावर निवाडा देणारा एक सूत्रधार त्यात असतो. कॉर्नेल विद्यापीठातल्या अँड्र्यू ग्रीनबर्ग आणि रॉबर्ट वुडहेड या विद्यार्थ्यांनी १९८१ साली ॲपल टू संगणकासाठी 'विझर्ड्री' हा गेम आणला, तेव्हा सूत्रधाराची जागा यंत्राने घेतली, आणि यंत्राला दयामाया नव्हती. सहा जणांची तुकडी भुयारात मेली की प्रेते तिथेच पडून राहत. ती आणायची तर नवी तुकडी उभी करून तेवढ्याच खोलवर जावे लागे. देवळात पैसे भरून मेलेल्याला उठवण्याचा प्रयत्न फसला तर त्याची राख होई, आणि राखेवरचा प्रयत्नही फसला तर ते पात्र कायमचे पुसले जाई. खरी मेख अशी की मृत्यूची नोंद गेम तत्काळ फ्लॉपीवर करून टाकत असे, त्यामुळे आधीच्या क्षणाकडे परतण्याची सोयच नव्हती. मग काही जण फ्लॉपीची नक्कल आधीच काढून ठेवत, तर काही जण नोंद होण्यापूर्वी ती ड्राइव्हमधून ओढून काढत. भुयार दहा मजल्यांचे, प्रत्येक मजला २० गुणिले २० चौकटींचा, आणि नकाशा आपणच चौकटीच्या कागदावर काढायचा.

जपानी गेम-रचनाकार युजी होरी यांना 'विझर्ड्री' आणि रिचर्ड गॅरियट यांचा 'अल्टिमा' हे दोन्ही गेम मनापासून आवडत. मात्र त्यांना हा प्रकार न्यायचा होता फॅमिकॉमवर, म्हणजे जिथे कीबोर्ड नाही, फ्लॉपी नाही, आणि टीव्हीसमोर बसलेल्या मुलाने फाशांचा तो अमेरिकी खेळ कधी पाहिलेलाही नाही. २७ मे १९८६ रोजी आलेला त्यांचा 'ड्रॅगन क्वेस्ट' जेमतेम ६४ किलोबाइटच्या कार्ट्रिजमध्ये बसवलेला होता. जागा वाचवण्यासाठी काताकाना लिपीतली मोजकीच अक्षरे घेतली होती आणि राक्षसांची नावे त्याच अक्षरांत जुळवली होती. गेम सुरू होतो तो राजाच्या दालनात, आणि दार बंद असते. पेटी उघडणे, किल्ली घेणे, दार उघडणे, जिना उतरणे हे सगळे आल्याशिवाय मुलाला बाहेरच पडता येत नाही. म्हणजे पहिली खोली हीच शाळा. यातला नायक मेला तर राजासमोर पुन्हा उभा राहतो, राजा 'मेलास कसा' म्हणून खडसावतो, जवळचे निम्मे सोने जाते, मात्र कमावलेला अनुभव शाबूत राहतो. याचा अर्थ असा की हरणाराही प्रत्येक वेळी थोडा बळकट होऊनच परततो, आणि ज्याच्यापाशी चिकाटी आहे त्याला शेवट गाठता येतोच. या गेमसाठी अकिरा तोरियामा यांनी काढलेल्या चित्रांचे जेवढे कौतुक झाले, त्याच्या अर्धे तरी या एका नियमाचे व्हायला हवे होते.

यावरून जपानी खेळाडूंना कठोर गेम सोसत नाहीत असा निष्कर्ष कोणी काढील, तर तो चुकेल. 'विझर्ड्री'वर जपानने जे प्रेम केले ते अमेरिकेनेही केले नाही. त्यातल्या एका जबर तलवारीचे नाव अमेरिकी स्वयंपाकघरातल्या फूड प्रोसेसरच्या ब्रँडवरून चेष्टेने ठेवलेले होते. जपानी खेळाडूंनी ते कोण्या थोर लोहाराचे नाव असणार असे समजून गांभीर्याने स्वीकारले. मूळ अमेरिकी मालिका २००१ साली आठव्या भागावर थांबली, जपानमध्ये मात्र त्या नावाचे गेम पुढेही निघत राहिले.

१९९७ साली दोन्ही वाटा किती लांब गेल्या होत्या हे एकाच वर्षात दिसून आले. जपानी 'फायनल फँटसी ७' मधली, खेळाडूच्याच तुकडीतली एरिथ पहिल्या डिस्कच्या शेवटाकडे मारली जाते. लढाईत पडलेल्याला उठवणारे फिनिक्स डाउन खेळाडूच्या पिशवीत ढिगाने असते, पण ते इथे चालत नाही. तिला परत आणण्याची एखादी छुपी युक्ती असेल या आशेने लोकांनी वर्षानुवर्षे शोध घेतला. तिचे सर्वांत प्रभावी अस्त्र कष्टाने मिळवून ठेवलेल्यांचे कष्टही वाया गेले, आणि माझ्या मते त्या प्रसंगाचे बळ संवादांपेक्षा या वाया जाण्यातच अधिक आहे. हा मृत्यू लेखकाचा आहे, खेळाडूला तो फक्त सोसायचा आहे. त्याच वर्षीच्या अमेरिकी 'फॉलआउट' मध्ये मृत्यू खेळाडूच्या खात्यावर मांडला जातो. वस्तीतल्या जवळपास कोणालाही मारता येते, आणि शेवटी प्रत्येक वस्तीचे पुढे काय झाले हे एकेका चित्रासह वाचून दाखवले जाते. मास्टर या मुख्य खलनायकापुढे त्याची नवी प्रजा वांझ असल्याचा पुरावा ठेवला, तर गोळी न झाडता तो स्वतःच आपला अंत करतो. आपले स्वतःचे मरण मात्र इथे स्वस्त झालेले आहे, कारण हवे तिथे सेव्ह करता येते. मी तर कोणाशी बोलण्याआधीही सेव्ह करत असे, ही कबुली इथे देऊन टाकतो.

नंतर हा धागा फिरून उलटा आला. जपानी रचनाकार हिदेताका मियाझाकी यांचा 'डार्क सोल्स' २०११ साली आला, तेव्हा त्याची किल्ले, चिलखते आणि ड्रॅगन यांची सामग्री युरोपीय होती, पण हाडाने तो 'विझर्ड्री'चा वारस होता. शत्रूंना मारून जमवलेले, पातळी वाढवण्यासाठी खर्चायचे 'सोल्स' आपण मेल्यावर त्याच जागी पडून राहतात. ते उचलण्यापूर्वी पुन्हा मेलात तर गेले. गेम स्वतःच सतत सेव्ह करत राहतो, त्यामुळे माझ्यासारख्यांची ती पळवाट बंद. तरीही आधी वापरलेल्या सोल्सनी वाढवलेली पातळी कधीच कमी होत नाही, आणि तिथे मला होरी यांचा राजा दिसतो. फ्रान्समधल्या एका स्टुडिओने २०२५ साली काढलेला 'क्लेअर ऑब्स्क्युर' हा पाळीपाळीने लढायचा, जपानी व्याकरणातला गेम खेळल्यावर तर देशावरून केलेली ही विभागणी मला फारच तोकडी वाटू लागली आहे.

'विझर्ड्री'च्या पहिल्या भागाची नवी आवृत्ती २०२४ साली अमेरिकेतच निघाली. तिच्यात पडद्याच्या एका बाजूला १९८१ चा मूळ गेम, त्याच्या बारीक रेघांच्या भुयारासह, सोबत चालू ठेवता येतो. माझी पहिली तुकडी दुसऱ्या मजल्यावर मेली. त्या सहा जणांची प्रेते आणण्यासाठी मी नवे सहा जण तयार केले आहेत, पण अजून त्यांना पहिल्या मजल्याच्या पलीकडे नेण्याचा धीर मला झालेला नाही.