ला पाझमध्ये रविवारचं मतदान, शनिवारची धावपळ

बोलिव्हियात मतदान रविवारी असतं, पण ला पाझकरांचा जीव आठवडाभर बाजारहाट आणि बसच्या तिकिटात अडकलेला असतो. कारण रविवारी परवान्याशिवाय एकही गाडी रस्त्यावर आणता येत नाही. मिनिबस बंद, टॅक्सी बंद, स्वतःची गाडीही दारातच.

दारूची विक्री ४८ तास आधीच थांबते, ती सुटते सोमवारी दुपारी १२ला.

शनिवारी सकाळी रॉड्रिगेझ बाजारात पाय ठेवायला जागा नसते. इथे भाजीवाली ‘कासेरा’, आणि तिच्या लेखी नेहमीची गिऱ्हाईकही ‘कासेरा’च. बटाटे तोलून झाले की ‘यापा’ मागायचा, म्हणजे वर घातलेली मूठभर भर. लाजलात तर नुकसान तुमचंच. १० किलोचा गॅस सिलिंडरही शनिवारीच बदलून घ्यावा. रविवारी गॅसची गाडी फिरत नाही, आणि ३,६०० मीटर उंचीवरच्या चढणीला सिलिंडर खांद्यावर घेतला की दहा पावलांत धाप लागते.

सगळ्यात जास्त फसतात ते घर बदललेले. यादीत पत्ता बदलून घेतला नसेल तर नाव जुन्या गावीच राहतं. ला पाझला लागून असलेल्या एल आल्तो शहरात राहणाऱ्या कितीतरी जणांचं मतदान पठारावरच्या खेड्यात असतं. रविवारी निघू म्हटलं तर बस नाही, म्हणून शुक्रवार-शनिवारीच निघावं लागतं.

‘नाहीच गेलो तर?’ मतदान सक्तीचं आहे, सूट फक्त सत्तरीपुढच्यांना. मत दिल्यावर हातात छोटंसं प्रमाणपत्र पडतं. पुढचे ९० दिवस बँकेचे व्यवहार आणि पासपोर्ट यांसाठी ते लागतं, तेव्हा ते ओळखपत्रासोबतच जपून ठेवावं. २०२५ मध्ये १७ ऑगस्टच्या मतदानानंतर १९ ऑक्टोबरला राष्ट्राध्यक्षपदासाठी मतदानाची दुसरी फेरी झाली, तीही इतिहासात पहिल्यांदाच, त्यामुळे ही सगळी तयारी दोन महिन्यांत दोनदा करावी लागली.

एक खाचखळगा मात्र नवख्यांना ठाऊक नसतो. मतदान केंद्रातल्या प्रत्येक टेबलावर मतदान घेणारे सहा जण, तीन मुख्य आणि तीन राखीव, मतदारांतूनच चिठ्ठीने निवडलेले असतात. ते पुरेसे आले नाहीत, तर रांगेत उभ्या असलेल्यांतूनच माणसं बसवतात. तेव्हा ‘लवकर उरकून येऊ’ म्हणत सकाळी ८ला पहिला नंबर लावणारा कधीकधी मतमोजणी संपेपर्यंत तिथेच अडकतो.