जोड दिसतोय बघा

लातूरकडच्या एका शाळेत मी चित्रकला शिकवतो. यंदा एलिमेंट्रीला बसणाऱ्या पोरांना धाराशिव जिल्ह्यातल्या तेरला नेलं. सकाळी गोरोबाकाकांचं दर्शन घेतलं आणि तिथून रामलिंगप्पा लामतुरे वस्तुसंग्रहालयात गेलो.

तेर म्हणजे जुनं तगर. इथलं कापड गाड्यांवर लादून भडोच बंदराकडे नेत, असं पहिल्या शतकातल्या एका ग्रीक व्यापाऱ्याने लिहून ठेवलंय. पाऊस पडून गेला की गावच्या पांढरीतून, म्हणजे जुन्या वस्तीच्या टेकाडातून, मणी, नाणी, मातीच्या बाहुल्या वर येत. गावातल्याच लामतुऱ्यांनी त्या वर्षानुवर्षं गोळा केल्या. त्यांच्या घरच्या त्या संग्रहातूनच हे सरकारी संग्रहालय उभं राहिलं.

पोरं आधी नाण्यांपाशी रेंगाळली. मी त्यांना केओलिनच्या, म्हणजे पांढऱ्या मातीच्या, सातवाहनकालीन मूर्तींपुढे बसवलं आणि वह्या काढायला लावल्या. केसांची ठेवण, कानातलं, गळ्यातलं, सगळं बोटभर जागेत. एक पोरगा मात्र समोर बसेना. कपाटाच्या कडेला जाऊन, काचेला नाक लावून बघत होता. घरी गणपती करतात त्याच्या.

"सर, हे साच्यातलं हाय. जोड दिसतोय बघा."

गेलो. कानामागून खांद्यावर उतरलेली बारीक रेघ. पुढचा साचा वेगळा, मागचा वेगळा, दोन्ही दाबून जोडायचे, मूर्ती आतून पोकळ. ही दुहेरी साच्याची रीत मी पुस्तकात वाचली होती. त्याने ती रोजच्या कामावरून ओळखली. "आमी वल्या फडक्यानं पुसतो जोड. ह्यानं इथं घाई केली," म्हणाला. दोन हजार वर्षांपूर्वीच्या कारागिराबद्दल तो शेजारच्या कारखान्यातल्या माणसासारखं बोलत होता, आणि माझ्या अंगावर काटा आला.

मग हस्तिदंती बाईची गोष्ट सांगितली. तेरला सापडलेल्या त्या मूर्तीशी नातं सांगणारी एक मूर्ती १९३८ साली इटलीत पाँपेईला निघाली. ते शहर इसवी सन ७९ मध्ये ज्वालामुखीच्या राखेखाली गेलं होतं, म्हणजे मूर्ती त्याआधीच तिथे पोचली होती.

असा संग्रह मुंबईला गेला असता तर आमच्या पोरांनी तो पाहिलाच नसता. तो सापडला तिथेच राहिला, याचं मला फार मोल वाटतं. परतताना गाडीत एकीने विचारलं, "सर, आमच्या रानात बी असली खापरं निघत्यात, बांधावर फेकतो आमी. आता काय करायचं?" उकरू नका, निघालं तर जागा लक्षात ठेवून मला सांगा, म्हटलं. पुढच्या रविवारी तिच्या रानात जायचं ठरलंय.