दाराच्या खालच्या कडेचा गंज : घरी केलेल्या दुरुस्तीचा अनुभव

माझ्या गाडीच्या मागच्या दाराच्या खालच्या कडेवर रंगाला बारीक फोड आले होते. गंज मूळ लोखंडापेक्षा जास्त जागा व्यापतो आणि वरच्या रंगाला आतून उचलतो, त्यामुळे फोड डोळ्यांना दिसेपर्यंत गंज पत्र्यात बराच पसरलेला असतो. म्हणून हे काम घरी करायचे ठरवल्यावर रंग निवडण्याआधी मी दाराची आतली बाजू तपासली. खिडकीच्या काचेवरून दारात उतरणारे पाणी खालच्या कडेच्या छिद्रांतून बाहेर पडावे अशी सोय असते. माझ्या दाराची ती छिद्रे चिखलाने बुजली होती. छिद्रे मोकळी न करता बाहेरून कितीही चांगला रंग दिला असता, तरी गंज पुन्हा आतूनच आला असता.

त्यानंतर स्क्रूड्रायव्हरच्या टोकाने सगळा भाग हलक्या हाताने दाबून पाहिला. पत्रा कुठेही आत गेला नाही, म्हणजे भोक पडलेले नव्हते, आणि त्यावरच हे काम घरी करण्याजोगे आहे असे मी मानले. भोक असते तर त्यावर लांबी (खड्डे भरायची पुट्टी) भरून ते झाकणे मला मान्य नाही. तिथे सडलेला पत्रा कापून नवा तुकडा वेल्ड करावा लागतो. दारांखालच्या आडव्या पट्टीसारखे गाडीचा भार पेलणारे भाग असतील, तर ते काम जाणकार वेल्डरकडेच द्यावे.

सर्वांत जास्त वेळ घासण्यात गेला आणि तो तसा जायलाच हवा. गॉगल आणि धुळीचा मास्क लावून तारेच्या ब्रशने सुटे पापुद्रे काढले आणि मग ८० नंबरच्या पॉलिश पेपरने चकचकीत पत्रा लागेपर्यंत घासले. फोड लहान असला तरी त्याच्या भोवती रंगाखाली गंजाची पातळ वाट दूरवर गेलेली असते. निरोगी पत्रा सर्व बाजूंनी दिसेपर्यंत थांबू नये. एवढे करूनही बारीक खड्ड्यांत काळे ठिपके राहिलेच. त्यांवर फॉस्फोरिक आम्ल असलेले गंज-परिवर्तक द्रावण लावले, ज्यामुळे उरलेल्या गंजाचे लोह फॉस्फेटमध्ये रूपांतर होते. हे द्रावण धुवायचे की तसेच वाळू द्यायचे हे त्या त्या उत्पादनानुसार बदलते आणि आम्लाचा अंश मागे राहिला तर नंतर पत्र्यावर द्यायच्या इपॉक्सी प्रायमरची (ओलावा अडवणाऱ्या अस्तराची) पकड सुटते. म्हणून या टप्प्यावर डब्यावरील सूचना अक्षरशः पाळाव्यात.

यानंतर जुन्या रंगाची कड १८० आणि ३२० नंबरच्या पेपरने इतकी उतरती केली की क्लिअर (रंगावरचा पारदर्शक थर), रंग आणि प्रायमर यांचे थर झाडाच्या वलयांसारखे वेगवेगळे दिसू लागले, पण बोट फिरवल्यावर पायरी जाणवेना. उघडा पत्रा ग्रीस काढणाऱ्या द्रावणाने पुसून त्याच दिवशी इपॉक्सी प्रायमर मारला, कारण हवेतल्या दमटपणाने घासलेल्या पत्र्यावर लगेच नवा गंज धरू लागतो. साधा भरणीचा प्रायमर, म्हणजे बारीक ओरखडे भरणारे अस्तर, सच्छिद्र असतो आणि ओलावा शोषतो. इपॉक्सी ओलावा अडवतो. लांबीही पाणी शोषून घेते, म्हणून ती इपॉक्सीच्या थरावर, खड्डे भरण्यापुरती आणि पातळ भरली. ती घासून समतल केल्यावर भरणीचा प्रायमर दिला आणि तो ६०० नंबरच्या वॉटर पेपरने पाण्यासोबत घासून घेतला.

रंगाचा कोड दाराच्या चौकटीजवळच्या पट्टीवर मिळाला. कोड बरोबर असला तरी उन्हाने उतरलेल्या जुन्या रंगाशी नवा रंग जुळेलच असे नाही. मेटॅलिक रंगात तर फवारणीचे अंतर आणि वेग बदलला तरी छटा बदलते. म्हणून आधी पुठ्ठ्यावर रंग आणि क्लिअर मारून तो दिवसाच्या उजेडात दाराशेजारी धरून पाहिला. रंगाचे थर पातळ ठेवले, प्रत्येक थराची ओली चमक गेल्यावरच पुढचा दिला आणि दुरुस्तीच्या हद्दीवर टेपची कड उलटी दुमडून ठेवली, जेणेकरून तिथे ठसठशीत रेघ उमटू नये.

क्लिअरसाठी मी हार्डनर (थर कडक करण्यासाठी मिसळायचे रसायन) न लागणारा प्रकार निवडला. हार्डनर मिसळलेले क्लिअर अधिक टणक होते आणि पेट्रोलला जास्त टिकते, यात शंका नाही. पण त्यातील आयसोसायनेट या रसायनामुळे कायमचा दमा जडू शकतो आणि त्यापासून बचावासाठी व्यावसायिक रंगशाळांमध्ये बाहेरून हवा पुरवणारा मुखवटा वापरतात. घरात तशी सोय नसताना ते फवारणे मला योग्य वाटले नाही.

क्लिअर पुरेसे कडक झाल्यावर २००० नंबरच्या वॉटर पेपरने बारीक दाणे काढून पॉलिश केले. शेवटी दाराच्या पोकळीत लांब नळीने मेणाचा फवारा मारला, तो आतल्या जोडांवरील शिवणीत मुरू दिला आणि पाणी निघण्याची छिद्रे तारेने पुन्हा मोकळी केली, कारण मेण घट्ट होताना तीच छिद्रे बुजण्याची शक्यता असते.