फिलाडेल्फिया ते न्यूयॉर्क: भटक्या काँग्रेसच्या मागावर

अमेरिकेत, न्यू जर्सीतल्या एडिसनला बहिणीकडे जायचं ठरलं तेव्हाच मनाशी पक्कं केलं होतं की या वेळी १७७६ पेक्षा त्याच्या पुढची वर्षं बघायची. म्हणजे ४ जुलैचा स्वातंत्र्याचा जाहीरनामा, युद्ध, ब्रिटिश हरले, हे सगळ्यांना माहीत असतं, पण वॉशिंग्टन राष्ट्राध्यक्ष झाला तो थेट १७८९ मध्ये, मग मधे देश चालवत कोण होतं? भाच्याला विचारलं तर म्हणाला, "मावशी, काँग्रेस होती ना." होती, म्हणजे तेरा राज्यांच्या प्रतिनिधींची सभा, पण ती एका गावात टिकत नव्हती. ती जिथे जिथे गेली तिथे तिथे जायचं असा प्लॅन केला, आणि गाडी चालवायची म्हटल्यावर भाचाही तयार झाला.

सुरुवात अर्थात फिलाडेल्फियाच्या इंडिपेन्डन्स हॉलपासून. ठरलेल्या वेळेचं तिकीट लागतं, रेंजर, म्हणजे तिथला गाइड, आत नेतो, हिरव्या कापडाची टेबलं आणि लाकडी खुर्च्या दाखवतो, आणि जाहीरनामा नि राज्यघटना दोन्ही याच खोलीत झाले हे सांगतो. मी मात्र बाहेर फुटपाथवर बराच वेळ उभी राहिले, कारण २१ जून १७८३ ला पगार थकलेल्या शेकडो सैनिकांनी बंदुका घेऊन हीच इमारत वेढली होती. आपलंच सैन्य, आपलीच काँग्रेस! काँग्रेसने पेनसिल्व्हेनियाच्या सरकारकडे संरक्षण मागितलं, तिथल्या कार्यकारी मंडळाचा अध्यक्ष जॉन डिकिन्सन मिलिशिया, म्हणजे राज्याचं नागरी सैन्य, बोलवायला तयार झाला नाही. दुपारी सदस्य सैनिकांच्या गर्दीतून शिव्या खात बाहेर पडले आणि काही दिवसांत काँग्रेसने शहरच सोडलं.

पगार का थकले होते हे कळल्याशिवाय पुढचं काहीच कळत नाही. आर्टिकल्स ऑफ कॉन्फेडरेशन ही त्यांची पहिली राज्यघटना, १७७७ ला काँग्रेसने मंजूर केली पण मेरीलँड अडून बसल्यामुळे लागू झाली १७८१ ला. तिच्यात राष्ट्राध्यक्ष नाही, देशपातळीवरची न्यायव्यवस्था नाही, राज्य लहान असो की मोठं प्रत्येकाला एक मत, महत्त्वाच्या निर्णयाला १३ पैकी ९ राज्यं हवीत आणि घटनेत बदल करायचा तर तेराच्या तेरा. आणि मुख्य म्हणजे काँग्रेसला कर लावायचा अधिकारच नाही, राज्यांना नुसती मागणी पाठवायची, म्हणजे सोसायटीने मेंटेनन्सची नोटीस लावायची आणि ज्याला वाटेल त्याने भरायचं असा प्रकार. परदेशी मालावर ५ टक्के आयातकर लावू द्या म्हणून काँग्रेसने गळ घातली तर १७८२ मध्ये एकट्या ऱ्होड आयलंडने नाही म्हटलं आणि प्रस्ताव आडवा झाला. राजाचे कर नकोत म्हणून लढलेली माणसं ही, त्यांची भीती मला समजते, पण ज्यांनी रक्त सांडलं त्यांचेच पैसे बुडत होते हे काही केल्या पटत नाही.

तिथून काँग्रेस गेली प्रिन्स्टनला. आम्ही ट्रेनने गेलो, प्रिन्स्टन जंक्शनला उतरून 'डिंकी' नावाची छोटीशी गाडी पकडायची, चालत कॅम्पस गाठायचा. नासाऊ हॉल ही कॉलेजची जुनी इमारत समोरच आहे, दारात ब्रॉन्झचे दोन वाघ, पोरं त्यांच्यावर बसून फोटो काढतात. १७८३ चा उन्हाळा आणि शरद इथे देशाचं सरकार बसलं होतं! गाव एवढंसं, राहायला जागा नाही, व्हर्जिनियाचा प्रतिनिधी जेम्स मॅडिसनला दुसऱ्या प्रतिनिधीबरोबर एका लहान खोलीत एकाच बिछान्यात झोपावं लागलं.

मग अॅनापोलिस, आणि या ट्रिपमधलं माझं सगळ्यात आवडतं ठिकाण हेच. विटांचे रस्ते, खाली बंदरात शिडाच्या बोटी, वर टेकाडावर लाकडी घुमटाचं मेरीलँड स्टेट हाउस, जिथे आजही राज्याचं विधिमंडळ भरतं. जुन्या सिनेट चेंबरमध्ये वॉशिंग्टनचा पुतळा ठेवलाय, कारण २३ डिसेंबर १७८३ ला त्याने याच खोलीत सरसेनापतीपदाचा राजीनामा दिला. समोर जेमतेम विसेक सदस्य, तेही फक्त सातच राज्यांचे. सगळं सैन्य पाठीशी असलेला माणूस एका कंगाल काँग्रेससमोर झुकून अधिकार परत करतो, भाषण वाचताना त्याचे हात थरथरतात, आणि त्या भाषणाचा त्याच्या हातचा कागद तिथेच काचेत आहे, खोडलेले शब्दसुद्धा दिसतात. मला तिथून हलवेना.

पुढची गोष्ट तर त्याहून भारी. युद्ध संपवणाऱ्या पॅरिसच्या तहावर सप्टेंबरमध्ये सह्या झाल्या होत्या, सहा महिन्यांत मंजुरी परत पोचवायची होती, त्याला नऊ राज्यं हवीत आणि कोरमच होईना. बर्फ पडलेलं, सदस्य येईनात. शेवटी साउथ कॅरोलायनाचा रिचर्ड बेरेसफर्ड फिलाडेल्फियात आजारी होता, तो तसाच उठून आला आणि १४ जानेवारी १७८४ ला तह मंजूर झाला. म्हणजे ज्या कागदाने ब्रिटनने स्वातंत्र्य मान्य केलं तोच एका आजारी माणसासाठी अडला होता.

याच गावात सप्टेंबर १७८६ मध्ये व्यापाराच्या भांडणांवर तोडगा काढायला बैठक बोलावली, तर पाचच राज्यांचे १२ जण आले. पण त्यात न्यूयॉर्कचा अलेक्झांडर हॅमिल्टन आणि मॅडिसन होते आणि त्यांनी पुढच्या मे महिन्यात फिलाडेल्फियाला मोठी परिषद घ्या अशी हाक दिली. त्याच सुमारास मॅसॅच्युसेट्समध्ये डॅनियल शेजसारखे माजी सैनिक असलेले कर्जबाजारी शेतकरी उठले, कोर्टं बंद पाडली, जानेवारी १७८७ मध्ये स्प्रिंगफिल्डच्या शस्त्रागारावर चालून गेले, तोफेने चार जण मेले. आणि ते मोडायला राज्याने जे सैन्य उभं केलं त्याचा खर्च बोस्टनच्या व्यापाऱ्यांच्या खिशातून, काँग्रेसकडे द्यायला होतंच काय. त्यामुळे परिषदेला न जाणाऱ्यांना सुद्धा घाम फुटला.

म्हणून नवी राज्यघटना लिहायला परत फिलाडेल्फिया, तीच खोली. २५ मे ते १७ सप्टेंबर १७८७, ५५ प्रतिनिधी, ऱ्होड आयलंड आलंच नाही, आतलं बाहेर जाऊ नये म्हणून भर उन्हाळ्यात खिडक्या बंद. रेंजर वॉशिंग्टनच्या खुर्चीवरचा कोरलेला सूर्य दाखवतो तेव्हा सगळे मोबाइल वर करतात, मला मात्र १६ जुलैचं मतदान डोक्यातून जाईना. लहान राज्यांना सिनेटमध्ये समान जागा, मोठ्यांना दुसऱ्या सभागृहात लोकसंख्येप्रमाणे, ही तडजोड ५ विरुद्ध ४ ने पास झाली, मॅसॅच्युसेट्सचं मत फुटलं, न्यूयॉर्कचे दोघे रागाने निघून गेलेले आणि न्यू हॅम्पशायरचे अजून पोचलेच नव्हते कारण राज्याने खर्च दिला नव्हता. एवढ्या धाग्यावर ते सगळं लोंबकळत होतं.

आणि त्या तडजोडींतली सगळ्यात वाईट, गुलाम माणसं जागा मोजताना तीन पंचमांश धरायची, आणि गुलामांच्या आयातीला १८०८ पर्यंत हात लावायचा नाही. अॅनापोलिसच्या ज्या सुंदर डॉकवर आम्ही आइसक्रीम खाल्लं तिथेच गुलामांची जहाजं लागायची. देश एकत्र ठेवायला ज्यांची किंमत मोजली त्यांना त्या खोलीत कुणी विचारलं नव्हतं, हे मला त्या खोलीत उभं राहून जास्त टोचलं.

शेवट न्यूयॉर्कचा. काँग्रेस ट्रेंटनमार्गे १७८५ मध्ये तिथे पोचली होती, आणि ३० एप्रिल १७८९ ला वॉल स्ट्रीटवरच्या फेडरल हॉलच्या बाल्कनीत वॉशिंग्टनने शपथ घेतली. मूळ इमारत नाही आता, आहे ती १८४२ ची, पायऱ्यांवर पुतळा आहे. गंमत बघा, त्या दिवशी सुद्धा ऱ्होड आयलंड नव्या घटनेच्या बाहेरच होतं. ते आत आलं २९ मे १७९० ला, ३४ विरुद्ध ३२ मतांनी.

कुणाला जायचं असेल तर फिलाडेल्फियाचं तिकीट आधी काढा, आणि अॅनापोलिसला अर्धा दिवस नाही, पूर्ण दिवस द्या, स्टेट हाउसच्या जवळ पार्किंग मिळत नाही, खाली ठेवून चालत वर जा.