तुम्ही विचारलंत म्हणून : रोज वाट बघायची म्हणजे काय करायचं?

“तुमचा मसीहा अजून यायचाच आहे ना? मग तुम्ही रोज वाट बघता म्हणजे नेमकं करता काय?” मी बेने इस्राएल, म्हणजे कोकणातली मराठी बोलणारी ज्यू, आहे हे कळलं की चहा संपायच्या आत हा प्रश्न येतो. विचारणारा ख्रिस्ती असेल तर आवाजात थोडी काळजी असते. हिंदू असेल तर तो स्वतःच कल्कीशी सांगड घालून मोकळा होतो. पहिल्या भागाचं उत्तर सोपं आहे : हो, यायचा आहे. दुसऱ्याचं उत्तर उभ्या उभ्या देता येत नाही, म्हणून लिहितेय.

आम्ही त्याला मशियाह म्हणतो. तो देव नाही, देवाचा पुत्र नाही, अवतारही नाही. दाविद राजाच्या वंशातला माणूस. तो विखुरलेल्या ज्यूंना एकत्र आणील, जेरुसलेमचं मंदिर पुन्हा उभं करील, आणि त्याच्या काळात लढाया थांबतील. बाराव्या शतकातले मोशे बेन मैमोन, म्हणजे आमचे रामबाम, यांनी तर लिहून ठेवलंय की त्यानं चमत्कार करून दाखवायची गरज नाही, जगाची रीत आहे तशीच चालेल. वैद्य होते ते. म्हणून असेल, भाबडेपणा त्यांना खपत नसे. पण त्याच रामबामांनी धर्माची जी तेरा तत्त्वं मांडली त्यातलं बारावं मशियाहवरच्या विश्वासाचं आहे. प्रार्थनेच्या पुस्तकात त्याचा जो गोषवारा छापतात, त्यात म्हटलंय : त्यानं उशीर लावला, तरी मी रोज त्याची वाट बघेन.

हे ‘रोज’ अगदी शब्दशः घ्यायचं. अमिदा नावाची प्रार्थना दिवसातून तीनदा म्हणायची असते आणि शनिवार-सणवार सोडून इतर दिवशी तिच्यात दाविदाच्या वंशाचा अंकुर लवकर फुटू दे, अशी मागणी असते. ‘तुझ्याकडून होणाऱ्या सुटकेची आम्ही दिवसभर आस धरतो’, असं पुढे येतं. माझे वडील रेल्वेत होते. सकाळची प्रार्थना ते लोकल गाठायच्या आत उरकत. ‘दिवसभर’ हा शब्द त्यांच्या तोंडून अर्ध्या सेकंदात निघून जाई आणि पुढच्या मिनिटाला ते डबा घेऊन जिना उतरलेले असत. लहानपणी मला यात विसंगती वाटायची. आता वाटत नाही.

कारण तलमुदात, म्हणजे आमच्या पंडितांच्या धर्मचर्चेच्या जुन्या ग्रंथात, एक यादी आहे. माणूस मेल्यावर त्याचा हिशोब होतो तेव्हा त्याला काय काय विचारतील, ते रावा नावाच्या पंडितानं सांगितलंय. पहिला प्रश्न : देण्याघेण्यात सचोटीनं वागलास का? मग तोराच्या, म्हणजे आमच्या धर्मशास्त्राच्या, अभ्यासाला वेळ राखून ठेवलास का, संसार वाढवलास का, आणि त्यानंतर : सुटकेची वाट पाहिलीस का? कधी येणार ते ओळखलंस का, असं कोणी विचारत नाही. वाट बघणं हे सरळ दुकान आणि लेकरांच्या पंक्तीत बसवून टाकलंय. कोकणच्या किनाऱ्यावर आमचे पूर्वज तेल गाळत आणि शनिवारी घाणा बंद ठेवत, म्हणून गावं त्यांना शनवार तेली म्हणत. मापानं तेल विकणाऱ्या माणसाला या यादीचा क्रम समजावून सांगावा लागला नसता.

तारीख काढणाऱ्यांना तर त्याच तलमुदात शाप आहे : शेवटाचा हिशोब मांडणाऱ्यांची हाडं झिजोत! एवढे कडक शब्द का, ते 1665–66 मध्ये दिसलं. इझमीरच्या शब्बेथाय झ्वीला मशियाह ठरवलं गेलं आणि येमेनपासून हॉलंडपर्यंत ज्यू वेडावले. हांबुर्गच्या ग्लिकल नावाच्या व्यापारीणबाईनं आपल्या आठवणी लिहून ठेवल्यात. तिच्या सासऱ्यांनी हामेल्नचं घरदार सोडलं आणि कापडचोपड, वाटाणे, सुकं मांस भरलेली मोठी पिंपं हांबुर्गला तिच्या घरी धाडून दिली. हाक आली की तिथून पवित्र भूमीचं जहाज धरायचं! सप्टेंबर 1666 मध्ये तुर्की सुलतानापुढे उभं केल्यावर शब्बेथायनं मुसलमान होणं पत्करलं. पिंपं तशीच पडून राहिली. मला सासऱ्यांचं हसू येत नाही. पण तारीख कळली असं वाटताच माणूस वाट बघायचं सोडून सामान बांधायला लागतो, आणि मग शेत, दुकान, सून, शेजारी सगळं त्याच्या लेखी संपलेलं असतं.

याच्या अगदी उलटी एक गोष्ट जेरुसलेमच्या तलमुदात, म्हणजे तलमुदाच्या दुसऱ्या एका संग्रहात, आहे. एक ज्यू शेत नांगरत होता. त्याची गाय हंबरली. वाटेनं जाणाऱ्या एका अरबाला जनावरांची भाषा कळायची. तो म्हणाला, “बाबा, बैल सोड, नांगर सोड, तुमचं मंदिर पडलं.” गाय पुन्हा हंबरली. “आता बैल जुंप, नांगर जुंप. तुमचा मशियाह जन्माला आला.” भाष्यकार यातून काय काय काढतात ते असो; मला त्यातलं ‘जुंप’ महत्त्वाचं वाटतं. दुःखाच्या बातमीनं काम थांबतं. आशेच्या बातमीनं ते पुन्हा सुरू होतं.

मंदिर पडलं त्या दिवसाचा, आव महिन्याच्या नवमीचा, आम्ही उपास करतो. मशियाह त्याच दिवशी जन्मेल, ही समजूतही या गोष्टीतूनच आलीय. कोकणात हिब्रू नावं विसरली गेली होती, तरी उपास राहिला. त्याला नाव पडलं ‘बिरड्याचा रोजा’, कारण तो वालाच्या बिरड्यावर सोडायचा. रोजा शब्द मुसलमान शेजाऱ्यांचा, बिरडं कोकणी माणसाचं, दुःख जेरुसलेमचं. माझी आजी दिवसभर डोक्यावर पदर घेऊन बसे आणि दुपारी चारला मात्र वाल सोलायला घेई.

खरं सांगायचं तर आमच्या घरांत मशियाहपेक्षा एलियाहू हन्नाबीचाच, म्हणजे एलियाहू संदेष्ट्याचाच, वावर जास्त. मलाखी संदेष्ट्याच्या पुस्तकाच्या शेवटी देव म्हणतो की तो मोठा दिवस यायच्या आधी मी एलियाहूला पाठवीन, आणि तो बापांची मनं मुलांकडे आणि मुलांची बापांकडे वळवील. म्हणजे मशियाहची वर्दी देणारा हा. पण मधल्या काळात तो रिकामा बसत नाही, अशी आमची पक्की खात्री. नोकरी लागू दे, मुलगी सुखरूप बाळंत होऊ दे, परदेशी गेलेला परत येऊ दे, असा नवस त्यालाच करायचा. पावला की मलिदा घालायचा : भिजवलेले गोड पोहे, त्यात खोबरं, वेलची, सुकामेवा, सोबत फळं, आणि सगळ्यांनी मिळून ‘एलियाहू हन्नाबी’ गायचं. अलिबागजवळ खंडाळ्याला एका खडकावर त्याच्या रथाच्या खुणा दाखवतात. तिथूनच तो स्वर्गात गेला, असं आमचे लोक मानतात. ते तर यार्देन नदीपलीकडे घडलं, असं शास्त्र शिकलेले धर्मगुरू म्हणतील. म्हणोत. मशियाहची वाट आम्ही अशी सुट्ट्या पैशांत बघायला शिकलो. जो पगारवाढीसाठी धावून येतो, तो त्या मोठ्या दिवशीही रस्ता चुकणार नाही.

पेसाहच्या, म्हणजे मिसरच्या गुलामीतून सुटल्याच्या सणाच्या, रात्री एलियाहूसाठी वाइनचा एक पेला जास्तीचा भरून ठेवतात आणि दार उघडतात. वाचनाचा शेवट होतो तो ‘पुढल्या वर्षी जेरुसलेमला’ या वाक्यानं. त्या रात्री वाचायचं हे पुस्तक, हगादा, 1874 मध्ये पुण्यात मराठी भाषांतरासह छापलं गेलं. त्याच्या चित्रात रोट्या करणाऱ्या बायका साड्या नेसून जमिनीवर बसल्यात.

यावर हमखास पुढचा प्रश्न येतो : “आता इस्राएल देश झाला, तुमचे निम्मे नातेवाईक तिकडे गेले. मग वाट कसली उरली?”

1948 नंतर बेने इस्राएल हजारोंनी गेले, लोदला, रामलेला, अश्दोदला, दिमोनाला. सुटकेची सुरुवात झाली, असं मानूनच बरेच गेले. आणि 1960 नंतरच्या वर्षांत तिथल्या मुख्य रब्बींच्या संस्थेनं प्रश्न काढला की हे लोक इतर ज्यूंशी लग्न करू शकतात का. त्यांच्या पणज्यांपर्यंतची चौकशी हवी. दोन हजार वर्षं शनिवार पाळणाऱ्यांना दाखला मागितला. आपली माणसं जेरुसलेमच्या रस्त्यावर ठाण मांडून बसली, आणि 1964 मध्ये संसदेनं ठराव केला तेव्हा कुठे ते नियम बदलले. दिमोनाची माझी आत्या हे सांगताना अजून तापते. तिच्या मते एलियाहू आला असता तर त्यानं आधी त्या कचेरीत जाऊन बापांची मनं मुलांकडे वळवली असती.

तिच्याकडेही पेसाहला तो पेला भरतात आणि तेच वाक्य म्हणतात, फक्त एका शब्दाची भर घालून : पुढल्या वर्षी, पुन्हा बांधलेल्या जेरुसलेमला. बसनं तिथं जायला दोनेक तास लागतात.