डेटनला तीन तास पुरत नाहीत

आईबाबा आमच्याकडे इंडियानापोलिसला येऊन दीड महिना झाला होता. घरातले नळ, दोन दारांच्या बिजागऱ्या आणि नातवाची सायकल एवढं दुरुस्त करून बाबांचं काम संपलं होतं. आता ते चांगलं चालणारं काहीतरी उघडून बसायच्या आत त्यांना बाहेर काढणं भाग होतं.

२०२५ च्या ऑगस्टचा पहिला वीकेंड होता. आय-७० हायवे धरून पूर्वेला निघालं की दोन तासांवर ओहायोतलं डेटन, तिथे अमेरिकी हवाई दलाचं संग्रहालय. तिथून सव्वा तास पुढे, कोलंबसला चिकटून डब्लिन नावाचं गाव, आणि तिथे दरवर्षी याच सुमाराला तीन दिवस आयरिश फेस्टिव्हल भरतो. बाबांना विमानं, आईला गाणी. शनिवारी सकाळी तीन तास संग्रहालय, दुपारी डेटनमध्येच राईट बंधूंचं सायकलचं दुकान, रविवारी फेस्टिव्हल. एवढं नेटकं वेळापत्रक केलं, तिथेच माझं चुकलं.

संग्रहालय राईट-पॅटरसन या हवाई दलाच्या तळाला लागून आहे. मी सगळ्यांचे पासपोर्ट घेऊन गेले होते, कोणी विचारलेसुद्धा नाहीत. बॅगा तेवढ्या तपासल्या. प्रवेश फुकट, पार्किंग फुकट. "फुकट आहे म्हणजे आत काय असणार," असं आई म्हणाली आणि आत शिरल्यावर गप्पच झाली. एकाला एक लागून चार अजस्र हँगर, विमानं-क्षेपणास्त्रं मिळून साडेतीनशेच्या वर. दारात व्हीलचेअर मिळते. बाबांनी ती बघून "मी काय पेशंट आहे?" म्हणून हात झटकला. दुसऱ्या महायुद्धाचं दालन संपेपर्यंत गुडघ्याने उत्तर दिलं होतं. मुलगा धावत जाऊन खुर्ची घेऊन आला.

त्याच दालनात बॉक्सकार आहे. ९ ऑगस्ट १९४५ ला नागासाकीवर बॉम्ब टाकणारं बी-२९. खरंखुरं तेच. चकचकीत आहे. मुलाने तिथे फोटो काढायचा नाही म्हणून सांगितलं, आम्हीही आग्रह केला नाही.

मग व्हिएतनाम युद्धाचं दालन. बाबा खुर्चीतून उठले.

समोर मिग-२१ होतं. बाबा नाशिकजवळच्या ओझर मिगला, म्हणजे एचएएलच्या मिग विमानांच्या कारखान्यात, १९७८ साली फिटर म्हणून लागले आणि तिथूनच रिटायर झाले. माझं बालपण एचएएल कॉलनीत या विमानाच्या आवाजाखाली गेलं. त्याचा गडगडाट झाला की शाळेत बाई वाक्य अर्ध्यात थांबवायच्या आणि आवाज गेला की तिथूनच पुढे सुरू करायच्या. पण मी ते एवढ्या जवळून कधीच बघितलं नव्हतं. आम्हाला आत कोण सोडणार? आयुष्यात पहिल्यांदा बघितलं ते ओहायोत, व्हिएतनामच्या खुणा रंगवलेलं.

"हे पीएफ. जुनं," बाबा म्हणाले. "आपल्या बिसची पाठ याहून फुगीर." पीएफ आणि बिस ही मिग-२१ चीच मॉडेलं. मग दोरीवरून वाकून त्यांनी नातवाला पंखाच्या मागची, सगळ्या अंगाभोवती फिरलेली जोडाची रेघ दाखवली. इंजिन बदलायचं तर विमान तिथून तुटतं. मागचा अख्खा भाग शेपटीसकट ट्रॉलीवर मागे ओढायचा आणि इंजिन बाहेर घ्यायचं. पुन्हा बसवताना रेघ जुळली नाही, की सगळं परत. नाकातला सुळका का पुढेमागे सरकतो, हेही सांगून झालं. तेवढ्यात एक म्हातारा स्वयंसेवक, जरा मागे सरका सांगायला आला. बाबांनी त्याला त्या रेघेकडे बोट दाखवून सांगितलं, "आय फिट धिस टेल. इंडिया." तो म्हातारा हवाई दलात मेकॅनिक होता. पुढचा पाऊण तास दोघांना आमची गरज नव्हती. दोघांचं इंग्रजी एकमेकांना कितपत कळलं कोण जाणे, हातवारे मात्र सारखे होते.

राईट बंधूंच्या दुकानाचा बेत तिथेच बुडाला. चौथ्या हँगरमध्ये पळत पळत राष्ट्राध्यक्ष केनेडींचं विमान तेवढं बघितलं. आतून चालत जाता येतं, पण वाट इतकी चिंचोळी की नवऱ्याला आडवं होऊन सरकावं लागलं. डॅलसला त्यांची हत्या झाल्यावर परतताना त्यांची शवपेटी आत घेण्यासाठी मागचं पार्टिशन कापलं होतं, ती जागा दिसते. बाबांनी ती वाकून बघितली. पाचला संग्रहालय बंद होतं. आम्हाला अक्षरशः हाकलावं लागलं.

रात्री डब्लिनच्या हॉटेलने ‘ओव्हरबुक झालंय’ म्हणून वीस मिनिटांवरच्या दुसऱ्या हॉटेलात पाठवलं. फेस्टिव्हलच्या दिवसांत तिकडे जाणार असाल तर दुपारीच फोन करून खोली पक्की करा.

रविवारी कॉफमन पार्कात ऊन मरणाचं होतं. केसांचे टोप घातलेल्या चिमुरड्या पोरी हात अंगाला चिकटवून नुसत्या पायांनी नाचत होत्या. आईला आधी ते बघवेना. "हात बांधून कसलं नाचायचं!" पण एका तंबूत पाच-सहा जण बसून वाजवत होते, तिथे ती थबकली. बोडरान म्हणजे आपला डफच, फक्त एक हात आतून कातड्याला टेकवलेला आणि दुसऱ्यात वीतभर काठी. जिग नावाची नाचाची चाल सुरू झाली आणि कॉलनीच्या भजनी मंडळात वीस वर्षं टाळ धरलेल्या माझ्या आईने मांडीवर बोटं आपटली: धा धी ना, धा ती ना. सहा मात्रा, सरळ दादरा. लय भलतीच चढी, पण हिशोब तोच. पुढची चाल लागली तशी तिची बोटं अडखळली. ती रील नावाची, चार-चारने जाणारी चाल होती. दोन आवर्तनांत आईने तीही पकडली.

बाबा मात्र उलियन पाइप्सवाल्यासमोर. हे वाद्य तोंडाने फुंकत नाहीत. उजव्या कोपराखाली भाता, डाव्या काखेत हवेची पिशवी. गाणं संपल्यावर बाबांनी मला विचारायला लावलं, की पिशवीचे जोड गळत नाहीत का. गळतात, तो हसून म्हणाला.

२६ सप्टेंबरला चंदीगडला भारतीय हवाई दलाने मिग-२१ निवृत्त केलं. तोवर आईबाबा नाशिकला परतले होते. बाबांना बरं वाटावं म्हणून मी फोन केला, तर ते आधीच वैतागलेले.

"तो जोडाचा फोटो पाठव. ओझरच्या ग्रुपवर टाकायचाय. तू काढलेल्या सगळ्यांत माझंच तोंड मध्ये आलंय."